माशाने अंगावर घेतलं

आमच्या घरात मासा मेला की पेढे यायचे.

यात मी मीठमसाला लावलेला नाही. सकाळी हॉलमधल्या काचेच्या टाकीत एखादा गोल्डफिश पोट वर करून तरंगताना दिसला की सासरे हात जोडायचे आणि म्हणायचे, "घेतलं याने अंगावर." सासूबाई आतून विचारायच्या, "गेला कं? बरा झाला." नवरा दात घासता घासता येऊन बघून जायचा. घरावर येणारं काहीतरी संकट त्या बोटभर जिवाने स्वतःवर घेतलं म्हणून तो मेला, असा सगळ्यांचा पक्का समज होता. कुठलं संकट, ते कोणालाच ठाऊक नसायचं. जे आलंच नाही ते कळणार तरी कसं? सासरे मेलेला मासा वर्तमानपत्रात गुंडाळून गाढी नदीत सोडून यायचे आणि येताना फुगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नवा मासा आणि खोक्यात पेढे घेऊन यायचे. तो पेढा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. आजही कोणी त्या टाकीचा विषय काढला की माझं डोकं तापतं. इतकी वर्षं झाली, आता सोडून दे, असं नवरा म्हणतो. मी सोडत नाही.

टाकी माझ्याआधी त्या घरात आली होती. सासरची माणसं मूळची विचुंब्याच्या बाजूची, भातशेती करणारी. जमिनी गेल्या, गावाभोवती इमारती उठल्या आणि शेती करणारे सासरे प्लॉटचे एजंट झाले. पनवेलच्या खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला. हॉल सजवायच्या वेळी वास्तूचं बघणाऱ्या एका माणसाने सांगितलं, ईशान्येच्या कोपऱ्यात मासे ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा. नऊच्या नऊ कायम असले पाहिजेत. एखादा गेला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याने तुमचं वाईट नेलं असं समजा आणि दिवस मावळायच्या आत नवा आणून आकडा पुरा करा. तेव्हा पनवेलमध्ये ज्याच्या हातातून दोन-चार गुंठ्यांचा व्यवहार झाला त्याच्या हॉलमध्ये अशी टाकी आलीच म्हणून समजा. सलून, हॉटेलचा गल्ला, बिल्डरचं ऑफिस, जिथे जावं तिथे नऊ मासे तोंडाची उघडझाप करत उभे.

मी उरणच्या किनाऱ्यावरची, कोळ्याच्या घरातली. वडिलांची होडी होती, आई मच्छीबाजारात बसायची. त्यामुळे लग्न ठरल्या दिवसापासून सासरी एकच थट्टा. सून कोळ्याची मिळाली, आता माशांची काळजी मिटली. मला मासा कळायचा तो मेलेला. कल्ला उचलून ताजा की शिळा सांगायचं, सुरी कुठून घालायची, पोटातली अंड्यांची गाबोळी कशी जपून काढायची, हे सगळं मला येत होतं. मासा पाळायचा असतो ही गोष्ट आमच्याकडे कोणाच्या स्वप्नातही आली नसती. त्याला पाळायला समुद्र आहे. आई पहिल्यांदा माझ्या घरी आली तेव्हा पदर खोचून त्या टाकीसमोर बराच वेळ वाकून उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "याला चिरला तर हातात काय येल गो?" सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने माशांना चिमूटभर दाणे टाकून मगच चप्पल घालायची, ही त्या घराची रीत होती. व्यवहाराला जाणारे सासरे टाकायचे, कंपनीत जाणारा नवरा टाकायचा, भाजीला जाणाऱ्या सासूबाई टाकायच्या. सासऱ्यांकडे प्लॉट बघायला येणारी गिऱ्हाइकंही जाताना मूठ रिकामी करून जायची, वर म्हणायची, पुण्य लागतं. त्या पुण्याचा रोज तळाशी थर साचायचा आणि सडायचा. मग रविवारी सासरे बर्म्युडा घालून 'सेवे'ला बसायचे. सगळे मासे जाळीने काढून नळाच्या पाण्याच्या बादलीत. टाकी आणि आतले खडे कपडे धुण्याच्या पावडरीने लख्ख घासायचे. मग स्वयंपाकघराच्या नळाला पाइप लावून ताजं पाणी काठोकाठ. वर उदबत्ती. दसऱ्याला तर टाकीला झेंडूची माळ घातली होती आणि पाकळ्या दोन दिवस पाण्यात भिजत होत्या.

सोमवार-मंगळवारी एखादा मासा तरंगायचा. मग नदी, मग पिशवी, मग पेढे.

मी त्या वेळी एका पतपेढीत नोकरी करत होते. तिथल्या एका सहकाऱ्याच्या घरी मोठी टाकी होती. त्याला मी आमची रविवारची सेवा सांगितली तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते माशांचे कल्ले जाळतं. पाणी दिवसभर उघडं ठेवून मग वापरायचं. सगळं पाणी कधी बदलायचं नाही, थोडंच काढायचं, थोडंच घालायचं. मी सायबर कॅफेत बसून आणखी वाचलं. जितकं वाचलं तितकी चिडत गेले. म्हणजे आमच्या घरावर संकटं येतच नव्हती. आम्ही दर रविवारी मासे मारत होतो आणि दर सोमवारी देवाचे आभार मानत होतो. ज्याच्याकडून मासे यायचे त्या दुकानदाराला हे सगळं ठाऊक असणार, पण तो कशाला बोलेल? त्याचं दुकान आमच्या टळलेल्या संकटांवर चाललं होतं.

"बाबा, मासे पावडरीने आणि नळाच्या ताज्या पाण्याने मरतात," मी एका रविवारी सांगितलं.

सासरे हातातला काथ्या न थांबवता म्हणाले, "मरतात ते मरायला आलेत म्हणून. घराचं कोणीतरी घ्यायला नको?"

"पण ते आपण मारतोय."

"सुनबाई, तुमच्याकडे रोज पाटीभर मरतात. तिथे कधी रडलीस का?"

नवरा हसला. सगळ्यांनाच ते फार हुशारीचं वाटलं. आमच्याकडे मासा मरतो तो पोटासाठी, आणि मेला की आम्ही त्याला मेलाच म्हणतो, आमच्या वतीने मेला असं सांगत गावभर फिरत नाही. हे मला नंतर भांडी घासताना सुचलं. नेमकं बोलायच्या वेळी मला कधी सुचत नाही, त्यामुळे माझा राग कायम मागाहून कढत बसतो.

भांडून काही होणार नाही हे कळल्यावर मी दुसरा रस्ता धरला. उलव्याला तेव्हा नुसती धूळ आणि डंपर होते, पण विमानतळाच्या नावाने प्लॉट फिरायला लागले होते. सासऱ्यांचे रविवार तिकडे जायला लागले. मी म्हटलं, बाबा, तुम्ही साइटवर जा, सेवा मी करीन. सेवा हा शब्द वापरल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही. त्या दिवसापासून मोरीत एक निळी बादली पाण्याने भरून कायमची उघडी राहिली. टाकीतलं पाणी मी मगाने थोडं काढायची, बादलीतलं थोडं घालायची. खड्यांना पावडर लागली नाही. दाण्याचा डबा चहाच्या डब्यामागे लपवला. कोणी गिऱ्हाईक हात चोळत विचारायला लागलं तर सासूबाई सरळ सांगायच्या, "दाने संपले. तुमी जाव."

सासूबाई माझ्या बाजूला कधी आल्या ते मला कळलंच नाही. मला वाटतं, लोडशेडिंगने आणल्या. वीज गेली की टाकीतला हवेचा पंप बंद पडायचा. तासाभराने मासे वर येऊन पाण्याला तोंड लावून धापा टाकायला लागायचे. मी तांब्याने टाकीतलंच पाणी काढून उंचावरून परत आत सोडत बसायची, म्हणजे पाण्यात हवा जाते. एक दिवस माझा हात दुखायला लागला तेव्हा सासूबाईंनी तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. "सर गो," म्हणाल्या, "आमी शेतावर पान्याला रात्र-रात्र बसलोय. मना नको शिकवू." मग वीज गेली की आम्ही आळीपाळीने बसायला लागलो. पंखा बंद, घामाच्या धारा, बाहेर शेजाऱ्यांच्या शिव्या, आणि आम्ही दोघी तांब्या घेऊन. तिथे त्यांनी मला त्यांच्या शेताचं सगळं सांगितलं. कुठे बांध होता, कुठे खाडीचं पाणी शिरायचं, जमीन मोजायला माणसं आली त्या दिवशी त्यांनी काय रांधलं होतं. घरातल्या कोणाला त्यांनी हे सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

त्यांचा जीव काळ्यावर बसला. त्या नऊ जणांत तोच एक काळा, डोळे बाहेर आलेला, पोहायला मंद, दाण्यापर्यंत सगळ्यांत शेवटी पोचणारा. सासूबाई काचेला बोट लावायच्या आणि तो त्या बोटासमोर येऊन उभा राहायचा. "माझ्यासारखा हाय," म्हणायच्या, "काला आनि जाडा." त्या त्याला स्वतःच्या हाताने एकेक दाणा द्यायच्या. त्यांना तेव्हाच साखरेचा आजार होता. गोळ्या चालू होत्या, पथ्य जमेल तसं.

मासे मरायचे थांबले. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, नऊच्या नऊ जागेवर. वाढले, जाडजूड झाले, शेपट्या पदरासारख्या लांब झाल्या. मला वाटलं, आता तरी सगळ्यांना पटेल. पहिल्यांदा कौतुक झालंही. सासरे लोकांना सांगायचे, आमच्या सुनेच्या हाताला यश आहे. मग हळूहळू त्यांची भाषा बदलायला लागली. उलव्याचा एक मोठा व्यवहार ऐन वेळी फिसकटला. त्यांची स्कूटर घसरली आणि कोपर सोललं. नवऱ्याची बढती दुसऱ्याला मिळाली. प्रत्येक वेळी सासरे टाकीसमोर येऊन उभे राहायचे, आत बघायचे आणि सुस्कारा सोडायचे.

"खाऊनपिऊन गलेलठ्ठ झालेत," एकदा म्हणाले, "घराचं काही घेत नाहीत."

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. त्यांनी त्या वास्तूवाल्याला पुन्हा बोलावलं. तो टाकीभोवती फिरला, डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "मासे बंद पडलेत. घरात येणारं वाईट आता थेट माणसांवर जाणार."

"बंद पडले नाहीत," मी म्हटलं, "जिवंत आहेत."

सासऱ्यांनी मला चहा टाकायला सांगितलं. मी टाकला. आल्याऐवजी त्यात तिखट घालावं अशी तीव्र इच्छा झाली होती. घातलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

त्याच वर्षी सासूबाईंच्या माहेरच्या गावात एक लग्न होतं. आमच्या भागात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. अंगणभर माणसं, बेंजो, आणि सगळ्या बायका नाचणार. सासूबाई नव्या सँडल घालून नाचल्या. उजव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. तो फुटला आणि बरा झाला नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. हळद आणि खोबरेल लावून, फडकं बांधून, साडीच्या निऱ्यांखाली पाय लपवून त्या घरभर वावरत राहिल्या. मला कळलं ते लोडशेडिंगमुळे. तांब्या घेऊन उभ्या असताना त्या उजवी टाच तेवढी टेकवत होत्या. मी खाली बसून फडकं सोडलं. अंगठ्याचं टोक जांभळट झालं होतं आणि जखमेच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

"दुखतंय?"

"नाय गो. दुखत नाय तोच बरा."

दुखत नाही हेच वाईट, असं डॉक्टर म्हणाले. साखर वाढलेली होती, पायाची जाणीव गेली होती, आत पू धरला होता. उद्या सकाळी सर्जनकडे न्या, त्यांनी सांगितलं, उशीर करू नका, पायाचा प्रश्न आहे. हे वाक्य सासऱ्यांनी ऐकलं, नवऱ्याने ऐकलं, सासूबाईंनी ऐकलं. सासऱ्यांचा चेहरा उतरला होता. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

सकाळी नवरा गाडीची सोय बघायला गेला. मी पतपेढीच्या किल्ल्या द्यायला म्हणून तासाभरासाठी बाहेर पडले. परत आले तर जिन्यातच मला पावडरीचा वास आला.

टाकी आरशासारखी चमकत होती. खडे पांढरेशुभ्र. पाणी काठोकाठ. स्वयंपाकघराच्या नळाला पाइप अजून लटकत होता. आठ सोनेरी मासे पाण्याला तोंड लावून धापा टाकत होते आणि काळ्या आडवा होऊन तरंगत होता. सासरे भिजलेल्या बनियनवर सोफ्याशी उभे होते आणि हात जोडून त्याच्याकडे बघत होते.

मी आधी मासे उचलले. माझी निळी बादली मोरीत भरलेली होती म्हणून ते आठ वाचले. मग मी हॉलमध्ये आले. सासऱ्यांसमोर तोपर्यंत मी कधी आवाज चढवला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "या पाण्याने मरतात हे मी तुम्हाला सांगितलेलं होतं. तुम्ही मुद्दाम केलंत."

त्यांनी नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

"सुनबाई," ते म्हणाले, "मला बायको पाहिजे का मासा?"

त्यांचे डोळे भरले होते. या माणसाचा बायकोवर जीव होता. म्हणूनच तर माझा राग आजवर कुठे ठेवायचा ते मला समजलेलं नाही. दुष्ट असता तर दुष्ट म्हणून मोकळी झाले असते. त्याने प्रेमाने, मन लावून, सकाळची आंघोळ करून, बायकोचा दवाखाना बुडवायची तयारी केली होती. आणि बायकोने ती लगेच मान्य केली.

"काल्यानी घेतला गो माझा," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहऱ्यावर सुटका होती. "बिचारा. आता नको कुठं जायला."

मी काळ्याला ओंजळीत घेऊन त्यांच्यापाशी गेले. त्या आयुष्यभर बाजारात कल्ला उचलून बघितल्याशिवाय मासा न घेणाऱ्या बाई. मी त्यांच्यासमोर नखाने त्याचा कल्ला उचलला. आत्ता मेलेल्या माशाचा कल्ला लाल हवा. हा पांढरट, चिकट, भाजल्यासारखा होता.

"बघा, आई. असा कल्ला तुम्ही कधी बघितलात? हा पाण्याने भाजून मेला. तुमचं याने काही घेतलं नाही. तुमचं तुमच्या पायात आहे तसंच आहे."

त्यांनी बघितलं. नीट बघितलं, हे मला ठाऊक आहे. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"र्‍हाऊ दे गो," म्हणाल्या.

माझा नवरा गाडी ठरवून आला होता. त्याने बापाचा चेहरा बघितला, आईचा बघितला आणि म्हणाला, "आज बरं वाटतंय म्हणते तर दोन दिवस बघू." दोन दिवस बघू. शिकलेला माणूस, कंपनीत मशीनचा आवाज जरा बदलला तर लाइन थांबवणारा. मी त्याला काय-काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी परत गेली. काळ्या वर्तमानपत्रातून नदीवर गेला. आणि दुपारी पेढे आले.

साखर वाढलेल्या बाईला सासऱ्यांनी पेढा भरवला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. सासूबाईंनी तो खाल्ला.

पुढचे दिवस मी कोणाशी नीट बोलले नाही. जेवण रांधायची, ताटं आदळायची, पाय बघू द्या म्हणून रोज सासूबाईंच्या मागे लागायची. त्या फडकं सोडू द्यायच्या नाहीत. घट्ट बांधलेलं असायचं आणि वर पायमोजा. घरात पायमोजा घालणारी बाई मी तोवर बघितली नव्हती. अंगात कणकण होती, ती हवा बदलल्यामुळे. जेवण जात नव्हतं, ते काळ्याचं वाईट वाटतं म्हणून. प्रत्येक गोष्टीला घरात कोणीतरी कारण शोधून देत होतं. टाकीत तेवढे आठच मासे होते, कारण दुकानात काळा शिल्लक नव्हता, आणि सासरे त्या आकड्यासाठी बायकोच्या तापापेक्षा जास्त अस्वस्थ होते.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. सासूबाईंनी मला हाक मारली, जवळ बसवलं, आणि पायमोजा स्वतःच्या हाताने काढला. फडकं सोडलं नाही. नुसता पाय माझ्याकडे केला.

"पोरी," त्यांनी विचारलं, "वास येतो कं गो?"

मी वाकले. आई बाजारात दुसऱ्याच्या पाटीवर वाकायची तशीच वाकले. इतक्या वर्षांत त्या घरात मला कोळ्याची म्हणून विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर मला येत होतं. आणि त्यांनाही येत होतं, म्हणून तर विचारला. मासा खाणाऱ्या बाईला शिळ्याचा वास सांगावा लागत नाही.

"येतो," मी म्हटलं.

त्यांनी पायमोजा परत चढवला. "मग चल," म्हणाल्या, "कोनाला सांगू नको."

मी कोणाला सांगितलं नाही. खाली जाऊन रिक्षा आणली, त्यांना खांद्याचा आधार देऊन जिना उतरवला. वाटेत त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. सर्जनने फडकं सोडलं आणि आमच्याकडे न बघता विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?" मी काय सांगणार होते? मासा मेला होता, असं सांगू? अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर घोट्यापासून पाय गेला असता, असं ते म्हणाले. डॉक्टरने पाठवलं त्याच दिवशी आणलं असतं तर कदाचित नुसत्या सफाईवर भागलं असतं, असंही म्हणाले. हे दुसरं वाक्य मी घरी सासऱ्यांना शब्दन्‌शब्द ऐकवलं. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, पोचलं.

कुठलं पोचायला.

सासूबाई घरी आल्यावर बघायला माणसं यायला लागली. गावची, कॉलनीतली, प्लॉटच्या धंद्यातली. एका रविवारी हॉल भरलेला होता. सासूबाई सोफ्यावर, पाय चादरीखाली. मी चहाचे कप फिरवत होते. तेवढ्यात सासरे बाहेरून आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत एक काळा, डोळे बाहेर आलेला, कोवळा मासा. मिळाला होता एकदाचा. ते पिशवी सगळ्यांना दाखवत उभे राहिले आणि उत्साहाने सांगायला लागले.

"पहिला होता ना, त्याने घेतलं म्हणून बोटांवर निभावलं. नाहीतर अख्खा पाय जायचा होता. डॉक्टरच बोलले, पाय जायचा होता."

माणसं माना हलवायला लागली. कोणीतरी म्हणालं, खरंय, मुका जीव, पण जाणतो. मी हातातला ट्रे टीपॉयवर ठेवला. त्यांनी डॉक्टरचं पहिलं वाक्य उचललं होतं आणि दुसरं गिळून टाकलं होतं. मासा मरो न मरो, पाय राहो न राहो, हा माणूस प्रत्येक वेळी बरोबरच ठरणार होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी चादर बाजूला केली. दोन्ही हातांनी स्वतःचा उजवा पाय उचलला आणि समोरच्या टीपॉयवर, चहाच्या कपांच्या मधोमध ठेवला. पट्टी त्या दिवशी सकाळीच उतरवली होती. जिथे अंगठा आणि बोट होतं तिथे नुसती शिवण होती.

एका बाईने तोंडाला पदर लावला.

"ह्यो माशानी नेला नाय," सासूबाई सासऱ्यांकडे बघून म्हणाल्या. "ह्यो माझा गेला."

सासरे पिशवी धरून तसेच उभे. आतला मासा पिशवीच्या कोपऱ्याशी घुटमळत होता. त्यांना ती खाली ठेवावी की परत न्यावी हे कळेना, आणि मी पुढे होऊन मदत करणार नव्हते. सासूबाईंनी हात पुढे केला. पिशवी घेतली, डोळ्यांसमोर धरली, बोट लावलं. मासा बोटापाशी आला नाही. नवा होता.

"याला ठेवते मी," त्या म्हणाल्या. "पन याच्याकडं कोनी काय मागायचा नाय."

मग त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. बादली भरलेली आहे का, असं विचारलं. होती.